तहाचं चौथं परिशिष्ट

दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले, की मध्ये पडायला तिसरा माणूस लागतो, हे आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला शिकवावं लागत नाही. तो तिसरा बहुधा शेजारच्या गावचा असतो. दोघंही त्याचा थोडाफार मान राखतात. बांध कुठे घालायचा ते तो सांगतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून देतो, कागदावर दोघांचे अंगठे घेतो आणि आपल्या वाटेनं जातो. घरात सुनांनी कसं वागावं, पुढच्या पिढीत कारभारी कुणाचा पोरगा व्हावा, हे तो सांगत नाही. सांगायला लागला, तर तेच दोघे भाऊ एक होऊन त्याला वेशीबाहेर घालवतील.

राज्याराज्यांमधले तहही पूर्वी असेच होत. १७८२ साली सालबाईचा तह झाला. इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यामध्ये महादजी शिंदे मध्यस्थ म्हणून आणि जामीन म्हणूनही उभे होते. साष्टी कुणाकडे राहील, रघुनाथरावाला नेमणूक काय मिळेल, हे त्या तहात ठरलं. पुण्याचा कारभार कोणत्या नियमांनी चालावा, हे कुणी लिहून दिलं नाही. तसं लिहून देणं त्या काळी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र यादवी युद्धं थांबवणाऱ्या मध्यस्थांनी हे नवं काम अंगावर घेतलं. लेबनॉनच्या खासदारांना १९८९ साली सौदी अरबस्तानातल्या ताइफ गावी बसवून सत्तेची नवी वाटणी ठरवण्यात आली. १९९१ मध्ये कंबोडियाचा तह पॅरिसला झाला, आणि त्या देशाची पुढची घटना कोणत्या तत्त्वांवर बेतावी हे तहाच्या एका परिशिष्टात घातलं गेलं. पण याबाबतीत सगळ्यांच्या पुढे गेला तो बॉस्नियाचा तह. तिथे तत्त्वं वगैरे नाहीत, अख्खी राज्यघटनाच तहाला जोडलेली आहे. अकरा परिशिष्टांपैकी चौथं परिशिष्ट म्हणजे त्या देशाची घटना. आज मला बोलायचं आहे ते या चौथ्या परिशिष्टाबद्दल. मी घटनातज्ज्ञ नाही, शब्दांशी व्यवहार करणारा माणूस आहे. तेव्हा शब्दांच्या बाजूनेच जरा जास्त बोलेन.

बॉस्निया-हर्झेगोविना हा जुन्या युगोस्लाव्हियातला डोंगराळ प्रांत. १९९१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४३ लाख ७७ हजार होती. त्यात मुस्लिम ४३.५ टक्के, सर्ब ३१.२ टक्के आणि क्रोएट १७.४ टक्के. सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट कॅथलिक. बोलायची भाषा तिघांची एकच. आणि साडेपाच टक्के लोक असे होते, की त्यांनी आपली ओळख नुसती ‘युगोस्लाव्ह’ अशी लिहिली होती. कुणाचे आईबाप वेगवेगळ्या समाजांतले, तर कुणाला आणखी बारीक रकाना नकोसा वाटलेला. हे साडेपाच टक्के लोक कृपया लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

इथे ‘मुस्लिम’ हा शब्दही जरा थांबून पाहावा असा आहे. मार्शल टिटोंच्या काळात, १९७१ च्या जनगणनेपासून, तिथे ‘मुस्लिम’ हे धर्माचं नाव न राहता एका राष्ट्रसमूहाचंही नाव झालं. पहिलं अक्षर मोठं लिहिलं की राष्ट्रसमूह आणि लहान लिहिलं की धर्म मानणारा. एखादा कम्युनिस्ट नास्तिक मोठ्या अक्षराचा मुस्लिम असू शकत होता. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे हा भेद मराठीत लिहून दाखवता येत नाही. त्याबद्दल लिपीचे आभारच मानले पाहिजेत. युद्ध चालू असतानाच, १९९३ मध्ये, या समाजाने ‘बॉस्नियाक’ हे जुनं नाव पुन्हा घेतलं. पुढे मी तेच वापरतो.

एप्रिल १९९२ मध्ये युद्ध पेटलं. सुमारे एक लाख माणसं मारली गेली. वीस लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, घरादारातून उठला. सारायेव्हो शहराला १,४२५ दिवस वेढा होता. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या आगीत जळालं. डोंगरावरून शहरावर तोफा डागणाऱ्या सर्बांचा पुढारी रादोवान कराजिच हा धंद्याने मनोविकारतज्ज्ञ आणि छंदाने कवी होता. त्याचे कवितासंग्रह प्रसिद्ध आहेत. कवी म्हणजे हळवा माणूस असं समजणाऱ्यांनी हे नाव अधूनमधून आठवावं.

मध्यस्थ तर पहिल्या गोळीच्या आधीपासून हजर होते. पोर्तुगालचे मुत्सद्दी कुतिलेइरो यांची योजना मार्च १९९२ ची. देशाचे तुकडे समाजवार पाडायचे, पण देश एकच ठेवायचा. बॉस्नियाचे अध्यक्ष आलिया इझेतबेगोविच यांनी १८ मार्चला ती मान्य केली आणि दहा दिवसांत मान्यता मागे घेतली. मग संयुक्त राष्ट्रांतर्फे सायरस व्हान्स आणि युरोपतर्फे डेव्हिड ओवेन आले. त्यांच्या जानेवारी १९९३ च्या नकाशात दहा प्रांत होते. मग ओवेन आणि नॉर्वेचे स्टोल्टेनबर्ग आले, त्यांच्या योजनेत तीन प्रजासत्ताकं. डिसेंबर १९९४ मध्ये जिमी कार्टर येऊन चार महिन्यांची युद्धबंदी करून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे अधिकारी मार्च १९९२ पासून वर्षभर त्या आगीत उभे होते. त्यांच्या फौजेला शांतता राखायला पाठवलं होतं, आणि राखायला शांतताच शिल्लक नव्हती.

या नकाशांची एक वाईट बाजू होती. अमुक प्रांत अमुक समाजाचा असं कागदावर दिसलं, की लढणारे लगेच तिथून इतरांना हुसकावून लावायला धावत. १९९३ च्या वसंतात मध्य बॉस्नियात क्रोएट आणि बॉस्नियाक एकमेकांवर तुटून पडले. कालपर्यंत ते सर्बांविरुद्ध एका बाजूने लढत होते. व्हान्स-ओवेन नकाशाने हे भांडण लावलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण त्याने त्यात तेल ओतलं एवढं खरं. आपल्याला १९४७ च्या ऑगस्टमधली रॅडक्लिफसाहेबांची रेघ ठाऊक आहे. पाहुण्याच्या पेन्सिलीला धार किती असते, ते आपण वेगळं सांगायला नको.

मग जुलै १९९५ उजाडला. स्रेब्रेनित्सा हे गाव संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं होतं. तिथे सर्ब फौजांनी आठ हजारांहून अधिक बॉस्नियाक पुरुष आणि मुलगे ठार मारले. ऑगस्टच्या अखेरीस सारायेव्होच्या बाजारात तोफगोळा पडून ४३ माणसं मेली. तेव्हा कुठे नाटोची विमानं उडाली. अमेरिकेने मध्यस्थी त्याच्या थोडं आधीच आपल्या हातात घेतली होती. अध्यक्ष क्लिंटन यांचे दूत होते रिचर्ड होलब्रुक. वाटाघाटींच्या अगदी सुरुवातीलाच, सारायेव्होजवळच्या इगमान डोंगराच्या रस्त्यावर गाडी कोसळून त्यांचे तीन सहकारी मरण पावले. हे नमूद करायला हवं, कारण मध्यस्थांना नावं ठेवणं सोपं असतं. आपलं रक्त सांडून दुसऱ्याचं भांडण सोडवायला येणारे थोडे असतात.

१ नोव्हेंबर १९९५ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ, राइट-पॅटरसन या विमानतळावर बैठक बसली. लष्करी तळ, सभोवती कुंपण, मधोमध गाड्या उभ्या करायची जागा आणि तिच्या कडेने एकसारखी दिसणारी अधिकाऱ्यांची विश्रांतिगृहं. एकेक देश एकेका इमारतीत. बॉस्नियातून इझेतबेगोविच, क्रोएशियातून फ्रान्यो तुजमन. आणि बॉस्नियातल्या सर्बांच्या वतीने कोण? तर शेजारच्या सर्बियाचे स्लोबोदान मिलोशेविच. कराजिच आणि त्याचा सेनापती म्लादिच यांच्यावर हेग इथल्या न्यायालयाने आरोप ठेवले होते. ते अमेरिकेत उतरले असते तर पकडलेच गेले असते. तेव्हा तीनपैकी दोन सह्या करणारे मुळात त्या देशाचे रहिवासीच नव्हते. लढणाऱ्या पक्षांकडून बोलणी करायला एकही स्त्री नव्हती. स्रेब्रेनित्साच्या विधवा त्या वेळी तुझला शहरातल्या छावण्यांत आणि आसऱ्याच्या घरांत दिवस काढत होत्या.

एकवीस दिवस खल चालला. त्यातला बहुतेक वेळ नकाशाने खाल्ला. देशाचा ५१ टक्के भाग बॉस्नियाक-क्रोएट संघराज्याला आणि ४९ टक्के रिपब्लिका सर्प्स्का नावाच्या सर्ब घटकाला, हे प्रमाण आधीच ठरलेलं होतं. गोराझ्दे शहराकडे जाणारा रस्ता किती रुंद असावा, यासाठी अमेरिकनांनी लष्कराचं एक संगणकी यंत्र आणलं. पडद्यावर डोंगर-दऱ्यांवरून विमानातून फिरल्यासारखं फिरता येई. मिलोशेविच व्हिस्कीचे पेले रिचवत रात्री उशिरापर्यंत त्यापुढे बसले आणि अखेर रस्ता रुंद करायला राजी झाले. शेवटी ब्रच्को या एका गावावरून सगळं फिसकटायला आलं. तेव्हा ते गाव लवादाकडे सोपवून २१ नोव्हेंबरला तह मान्य झाला. इझेतबेगोविच त्या दिवशी म्हणाले ते अशा अर्थाचं होतं, की हा न्यायाचा तह नव्हे, पण युद्ध चालू राहण्यापेक्षा यात न्याय जास्त आहे. १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. साठ हजारांची आंतरराष्ट्रीय फौज उतरली. लढाई थांबली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. होलब्रुक यांच्या पदरात हे पुण्य पूर्ण टाकूनच पुढचं बोललं पाहिजे.

आता चौथं परिशिष्ट. जगातल्या बहुतेक घटना कुठल्या ना कुठल्या लोकांच्या नावाने सुरू होतात. आपली ‘आम्ही भारताचे लोक’ अशी सुरू होते. ती ज्या सभेने लिहिली तिच्या डोळ्यांसमोरही फाळणीच्या कत्तली चालू होत्या, आणि तरीही डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी जवळजवळ तीन वर्षं शब्दाशब्दावर वाद घालत बसले. बॉस्नियाच्या घटनेच्या उद्देशिकेत राष्ट्रांच्या हक्कांचे, मानवी अधिकारांचे उल्लेख आहेत. त्यांच्याबरोबरच ८ सप्टेंबर १९९५ ला जिनिव्हात आणि २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये मध्यस्थांसमोर काय कबूल झालं, त्याचंही स्मरण आहे. शेवटी ही घटना ठरवणारे कोण ते येतं : बॉस्नियाक, क्रोएट आणि सर्ब हे ‘घटक लोकसमूह’, कंसात ‘इतरांसह’, आणि मग देशाचे नागरिक. नागरिक सर्वांत शेवटी आले आहेत. आणि ‘इतर’ कंसात.

इतर! जनगणनेतले ते साडेपाच टक्के आठवतात ना? ते सगळे या कंसात गेले. त्यांच्याबरोबर ज्यू गेले, रोमा गेले.

हा शब्द काही शोभेला ठेवलेला नाही, त्याच्यावर पुढची सगळी यंत्रणा उभी आहे. देशाला एक राष्ट्राध्यक्ष नाही, तिघांचं अध्यक्षमंडळ आहे. एक बॉस्नियाक आणि एक क्रोएट संघराज्यातून निवडायचा, एक सर्ब रिपब्लिका सर्प्स्कातून. संसदेच्या वरच्या सभागृहात पंधरा जण, प्रत्येक समाजाचे पाच. ‘आमच्या समाजाच्या जीवनमरणाचा प्रश्न’ असं म्हटलं की कोणताही ठराव अडवता येतो. युद्ध थांबवण्यापुरता विचार केला तर यात शहाणपण आहे. ज्यांच्या हातात बंदूक आहे, त्यांना हातात नकाराधिकार दिल्याशिवाय ते बंदूक ठेवणार नाहीत. पण युद्धबंदीची ही सोय संविधानाच्या वेष्टनात घातली गेली, आणि वेष्टनावर मुदत लिहायची राहिली. बंदुका गेल्या, नकाराधिकार राहिला.

मसुदा अमेरिकी वकिलांनी तयार केला होता. परराष्ट्र खात्याचे जुने कायदा सल्लागार रॉबर्ट्स ओवेन हे त्यांत प्रमुख. पुढे ब्रच्कोच्या लवादाचे अध्यक्षही तेच झाले. या घटनेवर जनतेचं मत कधी घेतलं गेलं नाही. तहावर सही झाली त्या क्षणी ती लागू झाली. मुख्य करारावर बॉस्नियन, क्रोएशियन, इंग्रजी आणि सर्बियन हे चारही मजकूर सारखेच प्रमाण आहेत असं लिहिलेलं आहे. पण बोलणी झाली ती इंग्रजी मसुद्यांवर, आणि देशाच्या राजपत्रात लोकांच्या भाषेतला अधिकृत मजकूर वर्षानुवर्षं छापलाच गेला नाही. त्याहून नवल पुढेच आहे. २००८ साली उघडकीला आलं, की तहाची बॉस्नियाकडची मूळ प्रत अध्यक्षमंडळाच्या दप्तरातून नाहीशी झाली आहे. फ्रान्सकडून नक्कल मागवावी लागली. २०१७ मध्ये ती मूळ प्रत विकायला निघालेल्या एका माणसाला पाले गावात अटक झाली. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा हरवतो, तिथे देशच गहाळ झाला होता.

एक भाषा होती, तिच्या तीन झाल्या. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपानाने मृत्यू येतो’ हा इशारा तीन भाषांत छापावा लागतो. दोनदा रोमन लिपीत, अक्षर न् अक्षर सारखा, आणि तिसऱ्यांदा सिरिलिक लिपीत. तिथले लोक यावर स्वतःच विनोद करतात. त्याच कारणाने राष्ट्रगीताचीही गंमत झाली. १९९२ पासूनचं गीत सर्ब आणि क्रोएट आपलं मानायला तयार नव्हते. म्हणून १९९९ साली दुशान शेस्तिच या बान्या लुकाच्या संगीतकाराची नवी धून लागू करण्यात आली. पण शब्दांवर एकमत होईना. २००९ मध्ये एका समितीने शब्द सुचवले, संसदेने ते मंजूर केले नाहीत. खेळाडू पदक घेऊन उभे राहतात, ध्वज वर चढतो आणि सगळे तोंड मिटून ऐकतात. शब्दांनी भांडण होतं, सुरांनी होत नाही, एवढाच अर्थ त्यातून काढावा का? कवीला तो पटायला जड जातो.

ही धून लागू कुणी केली? संसदेने नव्हे. तहाच्या दहाव्या परिशिष्टाने ‘उच्च प्रतिनिधी’ नावाचं एक पद निर्माण केलं. या पदावर बसणारा माणूस परदेशी. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन शहरातल्या बैठकीत त्याला कायदे लागू करण्याचे आणि निवडून आलेल्या माणसालाही पदावरून दूर करण्याचे अधिकार मिळाले. मध्यस्थ घटना लिहून घरी गेला नाही, ओसरीवरच राहिला. ध्वज त्यानेच ठरवला, फेब्रुवारी १९९८ मध्ये, नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकला चार दिवस उरलेले असताना. पिवळा त्रिकोण, निळी पार्श्वभूमी, तारे, आणि कुठल्याच समाजाची खूण नाही. २००४ साली जून महिन्यात पॅडी अॅशडाउन या उच्च प्रतिनिधीने एका दिवसात साठेक पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. परदेशी अधिकाऱ्याने लोकनियुक्तांना काढायचं, हे आपल्याला रेसिडेंटसाहेबांच्या दिवसांची आठवण करून देणारं आहे.

आणि तरीही एकसुरी निकाल देता येत नाही. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती मोटारींच्या नंबरपट्टीची. युद्धानंतर गाडीच्या पट्टीवरून माणूस कुठल्या बाजूचा ते लांबून कळे. दुसऱ्या बाजूला जायला लोक घाबरत. १९९८ मध्ये मध्यस्थांनी नवी पट्टी काढली. तिच्यावर रोमन आणि सिरिलिक या दोन्ही लिपींत सारखीच दिसणारी तेवढीच अक्षरं घेतली, आणि गाव ओळखू येईल अशी खूण ठेवलीच नाही. गाड्या देशभर फिरू लागल्या. जे काम भाषणांनी झालं नसतं ते सात अक्षरांनी केलं.

नोटांचंही तसंच. घटनेनुसार मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर पहिली सहा वर्षं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नेमायचा, आणि तो बॉस्नियाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक असता कामा नये. १९९८ साली निघालेल्या नव्या नोटांवर सगळे साहित्यिक होते. पण दोन संच : संघराज्याच्या नोटांवर त्यांचे, सर्ब घटकाच्या नोटांवर त्यांचे. दहाच्या नोटेवर इकडे माक दिझ्दार, तिकडे आलेक्सा शांतिच, दोघंही कवी. फक्त पाच मार्कांच्या नोटेवर दोन्हीकडे एकच चेहरा होता, कादंबरीकार मेशा सेलिमोविच. जन्माने मुस्लिम, आणि आपण सर्बियन साहित्यातले असं स्वतः सांगून गेलेला. म्हणून तो दोघांना चालला. ज्याला एका रकान्यात बसवता आलं नाही, तोच दोन्हीकडच्या खिशांत फिरला.

न्यायालयाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. घटना न्यायालयात नऊ न्यायाधीश, त्यांतले तीन परदेशी, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या अध्यक्षाने नेमलेले. २००० साली प्रश्न आला, की सर्ब फक्त एका घटकात आणि बॉस्नियाक-क्रोएट फक्त दुसऱ्या घटकात ‘घटक लोकसमूह’ मानायचे का. न्यायालयाने सांगितलं की तिन्ही समाज संपूर्ण देशभर बरोबरीचे आहेत. निकाल पाच विरुद्ध चार. पाचात दोन बॉस्नियाक आणि तिघं परदेशी, चारात दोन सर्ब आणि दोन क्रोएट. निकाल चांगला होता, पण तो पाहुण्यांच्या मतांवर उभा राहिला.

आणि मग आले ‘इतर’. देर्वो सेइदिच हे रोमा समाजाचे, याकोब फिन्त्सी ज्यू समाजाचे. सारायेव्होच्या वेढ्यात फिन्त्सी यांच्या नेतृत्वाखालच्या ज्यू संस्थेने औषधं आणि अन्न वाटलं ते कुणाचाही धर्म न विचारता. युद्धानंतर दोघांनाही कळलं की आपण राष्ट्राच्या अध्यक्षमंडळाची किंवा वरच्या सभागृहाची निवडणूक लढवू शकत नाही, कारण आपण तिघांपैकी कुणीच नाही. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २२ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. यातली विसंगती पाहा : त्याच चौथ्या परिशिष्टात युरोपीय मानवी हक्क करार देशाच्या इतर कायद्यांच्या वरचढ आहे असं लिहिलेलं आहे. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने त्याच कागदावर काढून घेतला होता. २०१४ मध्ये अझ्रा झॉर्निच या बाईंचा निकाल लागला. त्या मूळच्या तिघांपैकी एक असू शकल्या असत्या, पण आपण फक्त नागरिक आहोत, जात सांगणार नाही, असं त्यांनी म्हटलं होतं. २०१६ मध्ये इलियाज पिलाव यांचा. हे बॉस्नियाक डॉक्टर, स्रेब्रेनित्साला वेढा पडलेला असताना तिथल्या रुग्णालयात काम केलेले. स्रेब्रेनित्सा नकाशात सर्ब घटकाकडे गेलं. तिथे राहणाऱ्या बॉस्नियाकाला अध्यक्षमंडळासाठी उभं राहता येत नाही, कारण तिथली जागा सर्बाची. ज्या गावाच्या कत्तलीने जगाला मध्यस्थीला उठवलं, त्या गावच्या माणसाला मध्यस्थांच्या कागदात जागा नव्हती.

घटना बदलायची म्हटली तर ती बदलायची कुणी? ज्यांना तिने सत्ता दिली, त्यांनीच. २००६ साली मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव खालच्या सभागृहात आला. ४२ पैकी २८ मतं हवी होती, २६ पडली. आजवर तिच्यात झालेली दुरुस्ती एकच, २००९ मधली, तीही ब्रच्कोपुरती. २०१३ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३५ लाख भरली, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी. त्यांच्यावर एक केंद्र, दोन घटक, दहा प्रांत आणि ब्रच्को अशी चौदा सरकारं.

घरची घटना घरच्यांनीच लिहावी म्हणजे सगळं सुरळीत होतं, असं मात्र कुणी समजू नये. शेजारचा नेपाळ पाहा. दहा वर्षांच्या माओवादी युद्धात तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत, म्हणजे बाहेरचा हात तिथेही होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने शस्त्रं मोजली, लढवय्यांची नोंद केली आणि २०११ मध्ये मुक्काम हलवला. घटना लिहायला लोकांनी ६०१ जणांची सभा निवडली. ती चार वर्षं भांडली आणि २०१२ मध्ये काही न लिहिताच विसर्जित झाली. दुसरी सभा निवडावी लागली. २० सप्टेंबर २०१५ ला घटना जाहीर झाली, ती नेपाळी भाषेत. त्याच सुमारास तराईतल्या मधेशींच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली, सीमेवर महिनोन्‌महिने कोंडी झाली, काठमांडूत चुलीला गॅस मिळेना. पण चारच महिन्यांत, जानेवारी २०१६ मध्ये, त्या सभेने आपल्या घटनेत पहिली दुरुस्ती केली. ती मधेशींना पुरी पडली नाही, हे खरं. तरी लिहिणाऱ्यांच्या हातात खोडरबर होतं. बॉस्नियाचं खोडरबर डेटनमध्येच राहून गेलं.

मला विचाराल तर होलब्रुक यांची चूक घटना लिहिण्यात नव्हती. नोव्हेंबरच्या त्या थंडीत दुसरं काही शक्य होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ‘ही व्यवस्था अमुक वर्षांपुरती, नंतर लोकांनी निवडलेली सभा नवी लिहील’ असं एक कलम चौथ्या परिशिष्टात घालायला कुणाची हरकत होती? हरकत लढणाऱ्यांची असती, हे उघड आहे. तरी ज्या मध्यस्थाने गोराझ्देचा रस्ता रात्रभर जागून रुंद करून घेतला, त्याने या कलमासाठी एक रात्र जागायला हवं होतं.

२०२५ साली रिपब्लिका सर्प्स्काचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना उच्च प्रतिनिधीचे निर्णय न मानल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि त्यांचं पद गेलं. तहाला तीस वर्षं झाली ते हेच साल. सेइदिच आणि फिन्त्सी यांचा निकाल लागल्यानंतर बॉस्नियात २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. चारही त्याच कलमाखाली झाल्या, आणि चारही वेळा त्या दोघांना अध्यक्षमंडळासाठी मत देता आलं, उभं राहता आलं नाही.